उजव्या अंगाचा बैल

बन्सीला कुणी विचारलं असतं, की बाबा, पुरात तुझं काय काय गेलं, तर त्यानं आधी पाखऱ्या बैलाचं नाव घेतलं असतं. घराचं मागून. पण विचारणारं होतं कोण? ज्याच्या त्याच्या उंबऱ्यात गुडघाभर चिखल. जो तो आपापल्या दारात फावडं घेऊन उभा.

वस्ती बेलापूरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी. गेल्या साली पावसानं अशी दडी मारली होती, की ह्याच नदीच्या वाळूत झिरे खणून लोकांनी वाटीवाटीनं पाणी भरलं. माणसं खडी फोडायला गेली, सरकारी सुकडी खाऊन राहिली. त्याच उन्हाळ्यात बन्सीची बायको छबूबाई तापाचं निमित्त होऊन गेली. आणि मग पाऊस आला तो असा आला! पोळ्याला रंगवलेली बैलांची शिंगं अजून चकचकत होती, तोवर वर घाटात ढग फुटले आणि तीच नदी भर दुपारी वस्तीत शिरली. आता काय म्हणावं हिला? द्यायचं नव्हतं तेव्हा घोटभर दिलं नाही, आणि द्यायला बसली तर चुलीत आणून ओतलं.

पाणी अंगणात आलं तेव्हा बन्सीच्या हातात वेळ अगदी थोडा होता. गोठ्यात बैल दोन, हौश्या आणि पाखऱ्या. आणि घरात आढ्याला टांगलेली बियाण्याच्या ज्वारीची पेंढी. दुष्काळाच्या आधीच्या सुगीत छबूनं एकेक कणीस निवडून ती बांधली होती, आणि पुढं घरातलं पीठ संपलं तरी तिच्याकडं कुणाला मान वर करून बघू दिलं नव्हतं. बन्सी एकदा कासावीस होऊन म्हणाला होता, "अगं, चार कणसं काढ की." तर फणकाऱ्यानं म्हणाली, "आधी मला खावा, मग ती." अशी बाई! तिची पेंढी पाण्यात जाऊ द्यायची म्हणजे काय? बन्सी कमरेइतक्या पाण्यातून आधी घरात गेला, पेंढी डोक्यावर घेतली आणि मग गोठ्यात आला. हौश्याचं दावं विळ्यानं कापलं. पाखऱ्याच्या दाव्याला हात घालणार, तेवढ्यात गोठ्याची भिंत बसली. पाखऱ्या एकदाच हंबरला. मग नुसतं तांबडं पाणी.

हौश्याची शेपटी धरून बन्सी देवळाच्या उंचवट्याला लागला. डोक्यावरची पेंढी कोरडी होती. त्यानं ती देवळात ठेवली आणि तिच्याकडं पाठ करून बसला.

पाणी उतरल्यावर खाली आला, तर घर म्हणून काही उरलंच नव्हतं. पांढऱ्या मातीच्या भिंती विरघळून त्यांचा ढिगारा झालेला, वरचं धाबं त्यात रुतलेलं. तेवढं जातं मात्र होतं तिथंच होतं, तोंडापर्यंत गाळानं भरलेलं. बन्सीनं ढिगारा उपसायला घेतला. एक परात सापडली, पितळेचा तांब्या सापडला, पोळ्याला आणलेल्या हिंगुळाची डबी सापडली. छबूचं एक जोडवंही निघालं. ते त्यानं धुऊन कमरेच्या पिशवीत टाकलं आणि उरलेला दिवस काही न बोलता फावडं मारत राहिला. तसा तो बोलणार तरी कुणाशी? हौश्याशी. आणि हौश्या पाखऱ्या गेल्यापासून चाऱ्याला तोंड लावत नव्हता.

उसाच्या पाचटाची एक खोपी त्यानं उभी केली. त्या खोपीतच राधाकृष्ण येऊन उभा राहिला, बन्सीचा एकुलता लेक. श्रीगोंद्याला साखर कारखान्यात कामाला होता. पायातले बूट हातात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केलेली. बापाचा अवतार बघून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आबा, चला माझ्यासंगं. हितं काय ऱ्हायलंय आता?"

"रान हाय की."

आणि रान होतं, हे खरंच. खालच्या अंगाला वाळू पसरली होती, पण वरच्या तुकड्यावर नदीनं हातभर मळई आणून टाकली होती. काळी, मऊ, लोण्यासारखी. तसल्या मळईत खत लागत नाही की काही नाही. जन्मात एकदा अशी माती दारात येते, आणि पेरणी साधली तर माणूस वर्षभर खातो. पण वाफसा येईल, माती ओली असून हाताला चिकटणार नाही, त्या दिवशीच पेरावं लागतं. ओल उडाली की वर पापुद्रा धरतो, मग डोकं आपटलं तरी बी उगवत नाही.

"पेरनी कशावर करनार? एका बैलावर?" राधाकृष्ण म्हणाला. "आबा, मी दिवाळीला येतो. रान पेरल्यालं दिसलं, तर पुन्यांदा चला म्हननार न्हाई. न्हाई दिसलं, तर हौश्या इकायचा आन मुकाट्यानं माझ्या मागं यायचं. कबूल?"

बन्सीनं मान हलवली. कबूल तर केलं, पण पोरगा एस्टीला गेला तसा तो खोपीत येरझाऱ्या घालायला लागला. श्रीगोंद्याला जाऊन काय करायचं? सुनेच्या खोलीत दाराशी बसायचं आणि कारखान्याचा भोंगा ऐकायचा. छबू ह्या मातीत गेली, आपण भोंग्यात जायचं. नको रे बाबा!

आणि एके दिवशी उजाडायला तो खोपीबाहेर आला, तर हौश्याच्या शेजारी दुसरा बैल उभा!

बन्सीनं डोळे चोळले. पाखऱ्या नव्हता तो. तांबूस अंगाचा, बेताच्या उंचीचा, हाडं वर आलेली. पुरातून वाचून कुठं कुठं हिंडत आलेला दिसत होता. आणि उभा कुठं होता? बरोबर हौश्याच्या उजव्या अंगाला. आता ज्यानं औत धरलंय त्यालाच ह्यातली गंमत कळेल. बैल लहानपणी ज्या अंगाला जुपायला शिकतो, जन्मभर त्याच अंगाला चालतो. हौश्या डाव्या अंगाचा. पाखऱ्या उजव्या अंगाचा होता. गावात आणखी कुणाचा एकटा बैल मागून आणायचा म्हटलं, तरी तो उजवा निघायला नको? आणि हा तर आपल्या पायानं येऊन आपली जागा धरून उभा राहिलेला. हौश्या त्याची मान चाटत होता.

"पावण्या," बन्सी म्हणाला, "पाखऱ्यानं धाडलं व्हय रं तुला?"

शेजारच्या रानातून खाजाभाई आला. बन्सीच्या बांधाला बांध, दोघं बरोबरीचे, एका वयाचे. पुरापासून त्याची बायको अख्तरी रोज सकाळी बन्सीला चहा घेऊन यायची. खाजाभाईनं बैलाभोवती एक चक्कर मारली, गळ्यातलं तुटकं दावं हातात घेतलं.

"बन्सीभाऊ, ह्ये तुटल्यालं न्हाई. कापल्यालं हाय. कुनीतरी पान्यात उभं ऱ्हाऊन कापलंय."

"व्हय."

"बेलापूरच्या बाजारात सांगावा धाडा. वरल्या अंगाची मानसं जनावरं हुडकीत येत्यात तितं."

"धाडतो की. बाजाराला गेलो की सांगतो."

बाजाराचा दिवस आला नि गेला. बन्सी गेला नाही. खोपीतलं मीठ संपलं, तरी गेला नाही. अळणी आमटी खाल्ली. मनाशी म्हणायचा, पेरणी होऊ दे, मग मी स्वतः बैल घेऊन दारोदार फिरेन. तेवढंच. पेरणीपुरता. आणि रोज सकाळी रानात जाऊन मातीची मूठ दाबून बघायचा. मूठ उघडली की गोळा तसाच, ओला गच्च. वाफसा काही येईना. नदीकडच्या वाटेवर कुणी माणूस दिसलं, की हा हातातलं काम टाकून उठायचा. दोन्ही बैल घेऊन तो बाभळींच्या आड जाऊन बसायचा. चोरासारखा! आयुष्यात दुसऱ्याच्या रानातलं कणीस न मोडलेला माणूस तो.

एक गोष्ट मात्र झाकता येत नव्हती. बैलाची शिंगं निळी होती. पोळ्याला ज्या त्या घराचा रंग ठरलेला असतो. बन्सीच्या घरी बापजाद्यांपासून हिंगूळ, तांबडा. निळी शिंगं लांबून ओळखू यायची. बन्सीनं दोन दिवस स्वतःशी भांडण केलं आणि तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात सापडलेली ती हिंगुळाची डबी काढली. तेलात कालवून बैलाच्या शिंगांना बुडापासून टोकापर्यंत रंग दिला. बैल बिचारा मान खाली घालून उभा. बन्सीनं कुठं निळं दिसू दिलं नाही. गळ्यातलं कापलेलं दावं सोडलं आणि खोपीच्या पाचटात खुपसून ठेवलं. फेकून द्यायचा काही धीर झाला नाही.

संध्याकाळी खाजाभाई बांधावर थांबला. बघत राहिला.

"शिंगं रंगवली व्हय, बन्सीभाऊ?" तो म्हणाला. "आमाला वाटलं, पोळा होऊन गेला."

बन्सी हौश्यापुढं चारा टाकायला वळला. खाजाभाई आपल्या वाटेनं निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून अख्तरीचा चहा आला नाही.

चहाचं काय एवढं, असं बन्सीनं स्वतःला सांगून पाहिलं. पण त्या चहाबरोबर दिवसातले दोन शब्द यायचे, "प्या गरम हाय तोवर," एवढेच, ते बंद झाले. आता दिवसभर कुणाचा आवाज नाही. तो चिखल तुडवायचा, भिंतीचा एकेक थर चढवायचा, वाळायची वाट बघायचा. भिंत गुडघ्याएवढी झाली. एकट्यानं भिंत घालायची म्हणजे आधी खाली उतरून चिखल द्यायचा आणि मग वर चढून आपणच घ्यायचा. माणसाला एवढं एकटं देवानं करू नये. छबू असताना तिच्या बडबडीला तो कावायचा. आता त्याला वाटायचं, येऊन भांडली तरी चालंल.

अखेर एके सकाळी मातीची मूठ दाबून उघडली, तर गोळा हातातच भुगा झाला. वाफसा! बन्सीनं पळत येऊन पेंढी सोडली, कणसं झोडपली, बी परातीत घेतलं. पेरणीची पाभर आणि तिच्यावरचं बी सोडायचं चाडं त्यानं आधीच बाभळीचं लाकूड तासून नीट केलं होतं. बैल जुपले. पावण्या आपणहून उजवीकडं येऊन जुवाखाली मान घालून उभा राहिला.

पण पाभर एकट्यानं चालत नाही. एकानं पाभर दाबून बैल हाकायचे, दुसऱ्यानं शेजारून चालत चाड्यात मुठीनं बी सोडायचं. तीस वर्षं ते छबूनं केलं होतं. तिची मूठ अशी, की उगवल्यावर रान विंचरल्यासारखं दिसायचं. बन्सी खाजाभाईच्या दारात गेला.

"भाऊ, वाफसा आला. भाभीला जरा चाड्यावर धाडता का?"

खाजाभाई आपल्याच बैलांना पाणी पाजत होता. त्यानं मान वर केली नाही. "तिला सवड न्हाई आज. आमचीबी पेरनी हाय." आणि मग, बन्सी परत वळल्यावर म्हणाला, "सरळ बैल असता तर म्या सोता आलो असतो."

बन्सी खाली मानेनं रानात आला. म्हणाला, बघू करून. एका हातानं पाभर, दुसऱ्या हातानं मूठ. एक हात काढला की पाभर मळईतून उडी मारायची, बी वरच्या वर सांडायचं. पाभर दाबायला गेला, की चाडं रिकामं. छबूचं बी, जे तिनं तोंडात घातलं नाही, ते असं मातीवर उघडं पडलेलं. बन्सी तिथंच बसला. बसून लहान पोरासारखं बी वेचायला लागला. डोक्यावर ऊन चढत होतं, ओल उडत होती.

"दादा, ओ दादा!"

बांधावर एक बाई उभी होती. चाळिशीच्या पुढची, पाय नडगीपर्यंत चिखलानं माखलेले, डोईवरचा पदर दातात धरलेला. कपाळ मोकळं.

"मी वरल्या अंगाची. झुंबरबाई म्हनत्यात मला. बैल हुडकीत आले. तांबूस अंगाचा, लई उंच न्हाई, शिंगं निळी. बगितला का कुटं?"

"न्हाई," बन्सी म्हणाला.

विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. बाई काही हटून बसली नाही. तिला त्या उत्तराची सवय झाली असावी.

"घोटभर पानी द्या मग."

बन्सीनं तांब्या भरून आणला. बाई बांधावर टेकली, ओंजळीनं प्याली. "आदी मानूस हुडकीत फिरले काठाकाठानं," ती म्हणाली, "त्यो गावला बेलापूरच्या खाली. आता बैल हुडकते. दीर म्हनतो, बैल न्हाई तर रान माझ्याकडं दे, मी कसतो. एकदा त्याच्याकडं गेलं की माघारी यायचं न्हाई." तिनं तोंडावरून ओला हात फिरवला आणि उठली. "येते, दादा."

तिचा आवाज ऐकल्यापासून पावण्यानं मान वळवून धरली होती. कान टवकारलेले. बाईचं लक्ष गेलं. तिनं त्या तांबड्या शिंगांकडं बघितलं, मान हलवून दोन पावलं पुढं गेली, आणि पुन्हा वळली.

"गुलब्या?" ती हळूच म्हणाली.

काय झालं म्हणता! बैलानं असा हिसका दिला, की हौश्याला, पाभरीला, सगळ्याला ओढत तो थेट बांधापर्यंत गेला आणि तिच्या पोटात तोंड खुपसून उभा राहिला. बाई त्याच्या कपाळावरनं हात फिरवीत राहिली. मग नखानं शिंगाचा रंग खरवडला. तांबडा पापुद्रा निघाला, खाली निळं दिसलं.

"आमच्या घरी निळा असतो," ती एवढंच म्हणाली.

बन्सीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती, शिव्याशाप दिले असते, तर बरं वाटलं असतं. "बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "शिंगं म्याच रंगवली. पेरनीपुरता ठिवायचा हुता, मंग दारोदार फिरून देनार हुतो. पर ते काय खरं न्हवं. चोरी ती चोरीच. मला लाज वाटती." बोलता बोलता तो जुवाच्या शिवळा काढून बैल सोडायला लागला. 

"दावं कुटंय?" बाईनं विचारलं.

"आं?"

"गळ्यात दावं आसंल. कापल्यालं. टाकलं का?"

बन्सी खोपीकडं गेला, पाचटात हात घालून दाव्याचा तो तुकडा काढून आणला. बाईनं तो दोन्ही हातांत घेतला. कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं.

"ह्ये त्यांनी कापलं," ती म्हणाली. "मी म्हनत हुते, या माघारी, या माघारी. ह्याचं कापलं आन म्हनले, दुसऱ्याचं तेवडं कापून येतो."

तिनं दावं कमरेला खोचलं.  बन्सीनं पेंढी आधी घेतली, पाखऱ्या गेला, तो मात्र जिता होता. तिच्या माणसानं बैल आधी धरले, आणि तोच गेला. 

बाईनं खाली वाकून मातीची मूठ घेतली, दाबली, उघडली. रानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली.

"वाफसा आजच्या दिसाचा हाय, दादा. उद्या पापुद्रा धरंल."

"धरू द्या. तुमी बैल न्या."

"चाड्यावर कोन?"

"कोन न्हाई. मालकीन उन्हाळ्यात गेली."

बाईनं परातीतल्या बियाकडं बघितलं. मग म्हणाली, "मी धरते. तिनीसांजेपत्तूर हुईल येवडं रान. मंग नेते बैल." आणि हात पुढं करून बन्सीला दाखवीत म्हणाली, "पर माझा हात चालंल का? पयली मूठ सवाशिनीनं टाकायची आसती. लोक बोलत्याल तुमाला."

"बोलनारी लोकं चाड्यावर आली न्हाईत," बन्सी म्हणाला. "मानसाचा हात हाय न्हवं? धरा."

तिनं पदर खोचला, परातीतलं बी ओटीत घेतलं, काळ्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला. बन्सीनं पाभर दाबली. बैल निघाले. हौश्या डाव्या अंगाला, गुलब्या उजव्या. बाईची मूठ सरावाची होती. बी चाड्यात असं पडत होतं, की बन्सीला बघावंही लागलं नाही. पायाखाली मऊ माती, फणांचा सरसर आवाज, शेजारी बाईच्या पावलांचा आवाज. किती दिवसांनी त्याच्या शेजारून कुणी चालत होतं! ऊन पाठीवर होतं आणि त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं, की तो कुठं आहे हे विसरला. रानाच्या टोकाला पहिलं तास संपलं, वळण आलं. वळणावर बी सोडायचं थांबवावं लागतं, नाही तर एका जागी ढीग पडतो. तीस वर्षं प्रत्येक वळणावर तो जे म्हणत आला, तेच तोंडातून गेलं.

"छबे, मूठ आवर."

बैल वळता वळता थांबले. बन्सी पाभरीवर तसाच वाकलेला राहिला. मागं वळून बघायची त्याची छाती होईना. बघितलं तेव्हा झुंबरबाईची मूठ चाड्यावर उघडी पडली होती आणि बी खळखळ खाली जात होतं. ती रडत होती. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मूठ मिटायचं तिला भान नव्हतं. ती संपली तसा तिचा हात ओटीत गेला, दुसरी मूठ भरून आली आणि तीही तिथंच सुटली. बन्सी तिला थांबवू शकला असता. त्याला स्वतःलाच पुढचं दिसत नव्हतं.

शेवटी ओटीतला हात थांबवून ती म्हणाली, "आमचेबी आसंच म्हनायचे. मूठ आवर म्हनून." मग नाक पुसून म्हणाली, "चला. ऊन व्हतंय."

त्यानंतर बन्सी वळणावर काही बोलला नाही. वळण आलं की बाई आपणहून मूठ मिटायची. दोघं दिवसभर अशी चालत राहिली. मधे केव्हातरी खाजाभाई आपल्या बांधावर येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत होता. थोड्या वेळानं अख्तरी भाकरी घेऊन आली, बांधावर ठेवून म्हणाली, "दोघांची हाय," आणि गेली.

दिवस कलला तेव्हा रान संपलं. पेंढीतलं बी ओंजळभर उरलं होतं. बन्सीनं ते झुंबरबाईच्या पदरात घातलं. "तुमच्याकडं बी ऱ्हायलं नसंल. छबूनं निवडल्यालं हाय. चांगलं हाय."

"भावाचा येक बैल हाय, डाव्या अंगाचा," ती पदराला गाठ मारत म्हणाली. "गुलब्या गेला की जोडी व्हईल. माझंबी पेरून व्हईल."

गुलब्याला घेऊन ती काठाच्या वाटेला लागली. बेलापूरला तिची नणंद होती, उजेड आहे तोवर तिथं पोचायचं होतं. ये म्हणायला नातं नव्हतं आणि थांब म्हणायला तोंड नव्हतं. बन्सी बांधावर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मागं हौश्या हंबरत होता. खुंट्याला बांधला तरी तो आपल्या उजवीकडची जागा सोडून, डावीकडं अंग चोरूनच उभा राहिला.

दिवाळीला राधाकृष्ण आला. एस्टीतून उतरून तो खोपीत न जाता तडक रानात गेला. ज्वारी वीतभर वर आली होती, काळ्या मळईवर हिरवीगार, तासं कशी ओळीत. पोराचं तोंड खुललं.

"आबा, साधली की! लई झ्याक उगावलीय."

तो तासातून चालत चालत पार वळणापर्यंत गेला आणि थांबला. तिथं एका जागी ज्वारीचा दाट झुबका उगवला होता, एकाला एक चिकटून, पिवळट.

"ह्ये काय? चाड्यावर कोन हुतं? आईचा हात आसा न्हवता." तो खाली बसून उपटायला लागला. "विरळाय पायजे, आबा. येवडं दाट ऱ्हायलं तर ह्यातलं एकबी कनीस धरायचं न्हाई."

"नको धरू दे," बन्सी म्हणाला. "त्याला हात लावू नको."

"का?"

"तितं येक बाई रडली."

राधाकृष्णनं मान वर करून बापाकडं बघितलं. बन्सी त्याच्याकडं बघत नव्हता, काठाच्या वाटेकडं बघत होता.  एक रोप पोरानं उपटलं होतं. ते त्यानं परत होतं तिथं खोचलं आणि बोटांनी भोवतीची माती दाबली.